भरलेल्या बाटल्या

चतुराबाईच्या कमरेला दोन किल्ल्या असत. एक शाळेच्या फाटकाची, ती सकाळ-संध्याकाळ लागायची. दुसरी मुलींच्या बाथरूमची. पहिली किल्ली वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. दुसरीचं पॉलिशसुद्धा नऊ वर्षांत गेलं नव्हतं.

शाळा छावणीच्या मागच्या अंगाला एका बोळात होती. आठवी, नववी, दहावीचे वर्ग, मधे मैदान, मैदानात एक कडुलिंब, अन् लिंबाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. तो वाजवायचा, वर्ग झाडायचे, फळे पुसायचे, टाकीवर लक्ष ठेवायचं, हे चतुराबाईचं बावीस वर्षांचं काम. हे वर्ष शेवटचं. मे महिना सरला की ती घरी बसणार होती.

पाहुणा आला की मुख्याध्यापक श्रीनिवास सर त्याला आधी मुलींचं बाथरूम दाखवायचे. चतुराबाई पदर सावरून पुढं व्हायची, कुलूप काढायची, पाहुणा आत डोकवायचा. फरशी आरशासारखी. फिनाईलचा वास. "वा वा, बाई!" म्हणून पाहुणा माघारी फिरायचा अन् कुलूप परत लागायचं. ऑफिसात स्वच्छतेचं प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं. शेजारच्या फोटोत एका कडेला चतुराबाईचा अर्धा चेहरा आला होता. रोज ऑफिस झाडताना ती त्या अर्ध्या चेहऱ्यावरूनही फडकं फिरवायची.

हे कुलूप तिनं उगीच आणलं नव्हतं. नऊ वर्षांमागं तपासणी आली तेव्हा बाथरूम घाण होतं. टाकीत पाणी नव्हतं, नळ आठ दिवसांनी यायचा, ती एकटी काय करणार? पण त्या वेळच्या हेडसरांनी तिला प्रार्थनेला सगळ्या पोरांपुढं उभं केलं. "बाई, घरीपण असंच ठेवता का?" पोरी फिस्सकन हसल्या. ती जमिनीकडं बघत राहिली. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं शहागंजच्या बाजारातून पितळी कुलूप आणलं. ज्या पोरीला जायचं ती किल्ली मागायला येईल, असं ठरलं.

सुरुवातीला पोरी यायच्या. "आत्ता कामून? घरून जाऊन याया काय झालतं?" असं ती विचारायची. रागानं नाही, सवयीनं. मग पोरी कमी झाल्या. पुढं यायच्याच बंद झाल्या. चतुराबाईला वाटलं, पोरींना वळण लागलं.

डिसेंबरात विद्यापीठातली दोन पोरं शाळेत यायला लागली, मंगळवारी अन् शुक्रवारी. आरोग्याचं काही शिकत होती. शाळेत जाऊन पोरांना चांगल्या सवयी लावायच्या, त्याचा अहवाल लिहायचा, असा त्यांचा अभ्यास होता. मुलगी चारुता. बारीक अंगाची, चष्म्याची, खांद्याला झोळी. मुलगा मिहिर. उंच इतका की वर्गाच्या दारातून वाकून आत यायचा.

चारुतानं भिंतीवर मोठा कागद लावला. चतुराबाई त्यासमोर झाडू धरून उभी राहिली अन् बोटानं एकेक अक्षर उचलू लागली. साधी अक्षरं तिला फळे पुसता पुसता यायला लागली होती. जोडाक्षरं मात्र तिला नववीतली सायली शिकवायची. मधल्या सुट्टीत दोघी पायरीवर बसायच्या, पाटी नाही, पेन्सिल नाही, मातीत काडीनं. सायलीला चुकलेलं चालायचं नाही.

"दि-व-सा-तू-न आठ... हे काय गं सायले? गच्च बसलंय."

"ग्लास, मावशी. ग ला ल जोडला."

"दिवसातून आठ ग्लास पाणी प्या. आता गं बया! आठ?"

चारुता हसत आली. "हो मावशी, आठ. आणि त्यासाठी तुमची मदत लागणार. अकराला, एकला आणि तीनला घंटा द्यायची. पाण्याची घंटा. तीन टोल."

"तीन टोल शाळा सुटायचे असत्यात."

"आपण सांगू ना मुलांना."

"सांग बापा."

पहिल्या दिवशी अकराला तीन टोल पडले अन् अर्धी आठवी दप्तर पाठीला लावून फाटकाकडं पळाली. मिहिर हात पसरून आडवा उभा राहिला तेव्हा ती वळली. चतुराबाई पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर पाण्याची घंटा दोनच टोलांची झाली, सावकाश दिलेल्या.

घंटा झाली की प्रत्येक वर्ग बाटल्या काढायचा. चारुता दारात उभी राहून कागदावर खुणा करायची. तीन आठवड्यांनी ती उड्या मारतच पायरीशी आली.

"मावशी, नव्वद टक्के! शंभरातली नव्वद मुलं पाणी पितात आता. आमच्या भानुमती मॅडम खूश होतील."

चतुराबाईनं झाडू या हातातून त्या हातात घेतला. बोलायचं कसं? पोरीच्या तोंडावर एवढा आनंद. पण तिला जे ठाऊक होतं ते ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर वर्ग झाडताना बाकाखाली विसरलेल्या बाटल्या सापडायच्या. पोरांच्या रिकाम्या, पोरींच्या गळ्यापर्यंत भरलेल्या. शिळं पाणी दुसऱ्या दिवशी कशाला, म्हणून ती ते खिडकीखालच्या कण्हेरीला घालायची. वर्षानुवर्षं घालत आली होती. शहरात पाण्याची मारामार, पण ती कण्हेर अशी मातली होती की फुलांनी वाकायची. अन् आता घंटा होताना दारातून बघितलं तर तिला दिसायचं. पोरी बाटली तोंडाला लावायच्या, मान वर करायच्या, पण घसा हलायचा नाही. ओठ मिटलेले. नव्वद टक्क्यांत हे मिटलेले ओठपण मोजलेले.

पुढच्या शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही. तिनं एक विसरलेली बाटली चारुताच्या हातात दिली.

"धर. वजन बघ."

"भरलेली आहे."

"ही बघ. ही पण. अन् ही."

चारुताचा चेहरा उतरला. तिनं त्या दिवशी काही लिहिलं नाही. मंगळवारी तिनं चिकटपट्टीचे तुकडे आणले, सकाळी प्रत्येक बाटलीवर पाण्याच्या रेषेला चिकटवले, शाळा सुटायच्या आधी बघितलं. मुलींच्या बाटल्यांत पाणी पट्टीच्या पट्टीलाच. ती नववीच्या वर्गात उभी राहिली.

"का गं नाही पीत? मला फसवता का? मी काय तुमची शत्रू आहे?"

मागून एक पोरगा म्हणाला, "ताई, यांना पाणी कडू लागतं." वर्ग हसला. पोरी हसल्या नाहीत. चारुता चष्मा पुसत बाहेर आली.

सायली त्या दिवशी वर्गात नव्हती. सोमवारपासूनच आली नव्हती. चतुराबाईनं तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती हळूच म्हणाली, "तिला उन्हाळी लागली, मावशी. लघवीला आग होते. ताप पण आलाय. डॉक्टरकडं नेलं होतं."

थंडीच्या दिवसांत उन्हाळी. चतुराबाईच्या मनात काही तरी खुपलं, पण काय ते कळलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, चारुता पायरीवर बसली होती. मिहिर गाडी आणायला गेला होता. शेजारी तिची झोळी, झोळीतून बाटलीचं झाकण डोकावत होतं. चतुराबाई झाडत झाडत तिथं आली अन् झोळी बाजूला सरकवायला उचलली. जड लागली. तिनं बाटली वर काढली. गळ्यापर्यंत भरलेली.

"वा गं माझे बाई! दिवसभर लोकाच्या लेकरांच्या मागं लागती, पाणी प्या, पाणी प्या. अन् हे काय?"

चारुता बाटलीकडं बघत राहिली. जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"मी... मी इथं नाही पीत, मावशी. सकाळी आठला निघते, सहाला घरी जाते. घरी गेल्यावर पिते."

"कामून?"

चारुताची नजर वर उठली अन् चतुराबाईच्या कमरेपाशी थांबली.

"पहिल्याच दिवशी किल्ली मागायला आले होते. तुम्ही म्हणालात, 'तू तर एवढी मोठी, घरून जाऊन येत जा.' मग परत नाही मागितली."

चतुराबाईला ते आठवतसुद्धा नव्हतं. तेच तर वाईट होतं. एवढ्या पोरींना ती ते म्हणाली असेल की एकही आठवत नव्हती.

"मला माहीत होतं," चारुता स्वतःशीच बोलल्यागत बोलली. "मी त्यांना ओरडून विचारत होते, का पीत नाही, का पीत नाही. आणि मला माहीत होतं. मी पण तोंडाला बाटली लावतच होते."

बाहेर मिहिरनं हॉर्न दिला. ती उठली. चतुराबाई झाडू धरून तिथंच उभी राहिली.

घरी जायच्या आधी ती सायलीच्या घरी गेली. दोन गल्ल्या सोडून घर. सब्जा भिजवून बरोबर नेला होता. सायली चादर गुंडाळून बसली होती, डोळे खोल गेलेले. मावशीला बघून तिनं आधी अभ्यास घेतला.

"'प्रश्न' लिहून दाखवा."

चतुराबाईनं गोधडीवर बोटानं लिहिलं. चुकलं. सायलीनं तिचं बोट धरून परत गिरवून घेतलं. पोरीचा हात गरम होता.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

"खूप पाणी पी म्हणाले. दर तासाला." मग पोरीनं मान खाली घातली अन् विचारलं, "मावशी, शाळेत पिऊ का?"

परवानगी मागत होती. पाण्याची. तिलाच. चतुराबाईनं सब्जाचा पेला तिच्या हातात दिला. "पी, माय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुलूप काढलं अन् पदरात बांधलं. दार सताड उघडलं. तेव्हा तिला दिसलं की आतून कडीच नाही. नऊ वर्षं बाहेरून बंद राहिलेल्या दाराला आतून बंद व्हायची गरज कुणाला पडली होती? ज्या एक-दोन पोरी कधी गेल्या असतील, त्यांनी बाहेर मैत्रीण उभी केली असेल, दार ओढून धरायला.

तिनं चारुताला फोन केला. रविवारी दोघी शहागंजात गेल्या. दुकान तेच, कुलूप घेतलेलं. दुकानदार म्हातारा झाला होता.

"क्या होना, अम्मा?"

"कडी पाहिजे बाबा. दाराची."

"अंदर की या बाहर की?"

"आतली. बाहेरची लई झाली."

मंगळवारी मिहिरनं कडी बसवली. घाम पुसत, फुशारकीनं, त्यानं सगळ्यांना बघायला बोलावलं. आठवीतली एक बुटकी पोरगी आत गेली, दार लोटलं, अन् आतून तिचा बारीक आवाज आला, "दादा, हात पुरत नाही."

"ह्याला विद्यापीठात काय शिकवतात गं?" चतुराबाई म्हणाली. चारुता पोट धरून हसली. मिहिरनं स्क्रू काढले. या वेळी त्यानं त्या पोरीला दाराशी उभं केलं, तिच्या हातापाशी खूण केली, अन् तिथं कडी लावली.

त्या दिवशी दोन टोल पडल्यावर चारुता वर्गात गेली नाही. ती मैदानात उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी, अन् आपली बाटली अर्धी प्याली. मग सावकाश चालत बाथरूमकडं गेली. कडी लागल्याचा आवाज झाला. नववीच्या खिडकीत पोरींची डोकी गोळा झाली होती.

आता गोष्ट इथं सरली असती तर बरं झालं असतं. पण एकदा पोरी जायला लागल्या तशा सगळ्याच जायला लागल्या. तिसऱ्या दिवशी फरशीवर चिखलाची पावलं. चौथ्या दिवशी बादली रिकामी, अन् वास. चतुराबाईच्या कानात जुनं हसू वाजायला लागलं. तिनं पदरातलं कुलूप दोनदा चाचपलं. शुक्रवारी चारुता आली तर चतुराबाई कमरेत वाकून घासत होती अन् तोंडानं बोलत होती.

"नऊ वर्षं आरसा ठेवला व्हता मी. आरसा! बघ आता. चार महिने राह्यले माझे. जाता जाता परत पोरांपुढं उभी करत्यात का नाय बघ मला."

चारुतानं झोळी खुंटीला अडकवली, ओढणी कमरेला खोचली अन् खराटा घेतला. तिला धरता येत नव्हता. चतुराबाईनं तिच्या हाताची जागा बदलली.

"कोपऱ्यातून भाईर. भाईरून कोपऱ्यात नाय, घाण आतच राहती."

"हे आमच्या पुस्तकात नाही, मावशी."

"मंग लिही पुस्तकात."

दोघींनी मिळून घासलं. मग चारुता वर्गावर्गांत गेली. कागद लावला नाही, भाषण केलं नाही. पोरींनाच विचारलं, काय करायचं. त्यांनीच ठरवलं, प्रत्येक वर्गानं एकेक दिवस टाकीवरून बादल्या भरायच्या, अन् आत जाताना चपला पुसायच्या. पोरं म्हणाली, आम्हीपण बादल्या आणू. आणल्यासुद्धा, निम्म्या सांडत.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी विद्यापीठाच्या भानुमती मॅडम काम बघायला येणार होत्या. सकाळीच श्रीनिवास सर चतुराबाईला शोधत आले. चांगला माणूस, पण पाहुणा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"चतुराबाई, आजच्या दिवस कुलूप लावा. स्वच्छ करा अन् लावा. मॅडम गेल्या की उघडा. तुमचंच नाव राहील. तुमचं शेवटचं वर्ष आहे, मी सत्काराचं पण बोलून ठेवलंय."

चतुराबाईनं बाथरूम घासलं. फिनाईल टाकलं. फरशी परत आरशासारखी झाली. मग पदराची गाठ सोडून तिनं कुलूप हातात घेतलं. ओळखीचं वजन. एक दिवसाचं तर आहे, तिनं स्वतःला सांगितलं. एका दिवसानं काय होतं?

अकरा वाजले. तिनं लिंबाखाली जाऊन दोन टोल दिले अन् परत दाराशी आली. वर्गातून झाकणं उघडल्याचे आवाज आले. थोड्या वेळानं नववीच्या दारातून सायली बाहेर पडली. बरी होऊन आजच आली होती, चेहरा अजून फिका. ओठ ओले होते. ती दोन-चार पावलं आली अन् तिनं चतुराबाईच्या हातातलं कुलूप बघितलं.

पोरीनं काही विचारलं नाही. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. नुसती वळली अन् माघारी चालायला लागली, जणू तिला रस्ता पाठ होता.

"सायले!"

सायली थांबली.

"ये."

"कुलूप आहे ना, मावशी."

"कुठंय? हे व्हय? हे घरच्या पेटीचं हाय." चतुराबाईनं कुलूप ब्लाउजात खुपसलं. "ये. सावकाश जा. कडी लाव."

भानुमती मॅडम एकच्या सुमाराला आल्या. मधली सुट्टी होती. श्रीनिवास सर त्यांना घेऊन वळले अन् जागीच थांबले. बाथरूमपुढं पोरींची रांग. ओली पावलं पार मैदानापर्यंत. एक बादली आडवी, पाणी वाहतंय. सरांनी चतुराबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही. तिनं लिंबाला हात टेकला.

मॅडम उतारवयाच्या होत्या, लांबून बस करून आल्या होत्या. त्यांनी रांग बघितली, पर्स चारुताकडं दिली अन् रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या पोरी "मॅडम, तुम्ही जा आधी" म्हणून बाजूला व्हायला लागल्या, तर त्या म्हणाल्या, "नाही गं, माझा नंबर येऊ दे." सर ऑफिसात जाऊन बसले.

नंतर मॅडम पायरीवरच बसल्या. चारुतानं त्यांना अहवाल दिला. पहिल्या पानावर नव्वद टक्के होतं, ते तिनं खोडलं नव्हतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, हे खोटं निघालं, अन् कसं कळलं ते. चतुराबाईचं नाव लिहिलं होतं, भरलेल्या बाटलीचं लिहिलं होतं. स्वतःच्या बाटलीचंसुद्धा. मॅडमनी सगळं वाचलं.

"तीन आठवडे गेले की गं तुझे."

"हो, मॅडम."

"माझीसुद्धा अख्खी नोकरी अशीच गेली. कुठं गेले तर आधी चहा नको म्हणायचे. प्यायला तर मग जायचं कुठं?" त्यांनी अहवाल मिटला. "पुढच्या वर्षीची मुलं आली की आधी हे वाचायला देईन. यातलं काही काढू नकोस."

मग त्या चतुराबाईकडं वळल्या. "बाई, कडी छान आहे. आतली जागा पण."

"आज जरा ओलं हाय, मॅडम. पोरी जात्यात."

"हो," मॅडम म्हणाल्या. "बघितलं मी."

संध्याकाळी शाळा सुटली. चारुता-मिहिर मॅडमना बसपर्यंत सोडायला गेले. चतुराबाईनं ऑफिस झाडलं, फोटोवरून फडकं फिरवलं, मग नववीच्या वर्गात आली. बाकाखाली दोन बाटल्या राहिल्या होत्या. एक सायलीची होती, झाकणाला निळा दोरा बांधलेली. सवयीनं तिनं दोन्ही उचलल्या अन् खिडकीशी गेली, झाकण काढलं, बाटली पालथी केली.

एक थेंब पडला. दुसरीतून तोही नाही.

खाली कण्हेरीची पानं मलूल होऊन लोंबत होती. आठ-दहा दिवसांत तिला कुणी काही घातलंच नव्हतं. चतुराबाई खिडकीत उभी राहून बघत राहिली. मग टाकीवर गेली, तांब्या भरला, पदरानं डोळे पुसले, अन् कण्हेरीच्या बुडाशी बसून सावकाश पाणी घातलं.

"घे, माय," ती म्हणाली. "आता तुझं पाणी तुला येगळं."